साडेसहा फूट

देवास नाक्यावरच्या त्या आवारात
सात हात रांगेत उभे होते,
कोपरात दुमडलेले, पिवळे, लाल, एक निळा.
शरीर एकालाही नाही.
शरीर आमच्याकडे होतं:
सत्तावीस घोड्यांचा छोटा ट्रॅक्टर,
सिमरोलच्या नर्सरीत, चिंचेखाली,
सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली.

छाबडाजी म्हणाले, हा घ्या, नऊ फूट खोल जातो.
मी म्हटलं, नऊ फुटांवर माझं कोण आहे?

ते हसले. गेंदालाल हसला नाही.
त्यानं पिशवीतून दोरी काढली,
आदल्या दिवशी विहिरीच्या भिंतीला लावून
आम्ही दोघांनी गाठी मारलेली.
पहिली गाठ, काळी माती, सव्वातीन फूट.
हिच्याच भेगेत गेल्या मे महिन्यात
माझी एक चप्पल गेली, ती गेलीच.
दुसरी, मुरूम, पहारीला उलट उत्तर देणारा.
तिसरी साडेसहावर, पाषाण.
त्याखाली जायचं तर सुरुंग हवा
आणि कलेक्टर कचेरीतला कागद.
दोरी तिथेच संपत होती.

मग वजनाचं निघालं.
मागच्या तीन दांड्यांवर लटकवायचा हात
साठ हजारांनी स्वस्त.
आत्ता लावा, आत्ता काढा.
गेंदालालनं स्वतःच्या कमरेवर बोट ठेवलं.
त्याच्या मेहुण्याचा ट्रॅक्टर, असाच,
महूजवळ भर चरात मधोमध फाटला,
गिअरपेटीतलं तेल शेजाऱ्याच्या लसणात.
"बोझा कमर पे नहीं, पूरी पीठ पे चाहिए, बाई."
म्हणजे पोटाखालून पुढच्या आसापर्यंत
जाणारी लोखंडी चौकट.
साठ हजार.
मी डोळे मिटून हो म्हटलं,
मग उघडले आणि विचारलं,
पंप मिनिटाला किती लिटर तेल ढकलतो?

बाई मला सगळेच म्हणतात, शाळेपासून.
बावीस वर्षं भूगोल शिकवला,
फळ्यावर पृथ्वीचे थर काढले,
कवच पांढऱ्या खडूनं, गाभा लाल.
एकही हातानं उघडला नव्हता.

भांडण झालं ते बकेटवरून.
दीड फुटी घ्या, काम झटपट.
पण पाइप तीन इंची आहे.
तो क्या हुआ?
तर हे, की जेवढं उकरायचं
तेवढं सगळं परत भरायचं,
आणि काळी माती एकदा वर आली
की दुकानात उलगडलेल्या महेश्वरीसारखी,
पुन्हा त्या घडीत बसत नाही.
शिवाय आंब्याच्या दोन ओळींत दहा फूट जागा,
मुळं त्याहून अलीकडे आलेली.
नऊ इंची घेतली.
छाबडाजींनी ती पावतीवर
जरा बारीक अक्षरात लिहिली.

सही करण्याआधी म्हटलं, मला बसून बघायचंय.
त्यांच्या ट्रॅक्टरची सीट गर्रकन फिरवली.
स्टिअरिंग पाठीला गेलं,
हेडलाइट, बोनेट, रस्ता, सगळं पाठीला.
दोन लोखंडी पाय दोन्हीकडे उतरले,
मागची चाकं बोटभर अधांतरी.
आता हा कुठे जाणार नाही,
एवढं ठरल्यावरच खोदता येतं.
डावा दांडा ओढला तर हात भलतीकडे वळला,
एक पोऱ्या चहाच्या ग्लासांसकट उडी मारून बाजूला.
दुसऱ्यांदा जमलं.
दातांनी जमीन धरली, मनगट आत वळलं,
वर आलं विटेचं टवकं, बाटलीचं बूच,
आणि ओलसर असा एक वास,
जो फळ्याला कधी आला नव्हता.

उतरले. म्हटलं, खड्डा बुजवून देतो.
"रहने दो," छाबडाजी म्हणाले,
"रोज कोई न कोई खोद जाता है."

परतताना तेजाजी नगरच्या पुढे
गेंदालाल दोरी गुंडाळत बसला होता,
कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, बाई,
सीट तर आता फिरणार.
कोंबडीला कुठे बसवायचं?